बापाकडचे कागद

मुलीनं शिकावं की नाही, यावर आता जुन्नर-आंबेगावात कोणी उघड वाद घालत नाही. हिरडा विकायला घोडेगावला उतरलेली आईसुद्धा ‘पोरीला फार्मसीला घालायचीय’ असं सांगते. अडचण सुरू होते ती अर्ज भरताना. अर्जावर नाव मुलीचं, मार्क मुलीचे, पण त्याला जोडायचे महत्त्वाचे कागद बापाकडचे. आणि बापानं आईला टाकलेलं असेल, तर? या ‘तर’बद्दल आपण बायकांच्या संघटना फार कमी बोलतो, म्हणून हे लिहिते आहे.

मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या मुलींना प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करते. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर मुली, तशाच मंचर-नारायणगावकडच्या मराठा, माळी, शेतमजुरांच्या मुलीही येतात. फार्मसीकडे ओढा का, हे विचारलं तर घरचे सांगतात, ‘नर्सिंगला रात्रपाळी असते, इंजिनियरिंगला खर्च, फार्मसी बरी. दोन वर्षांत हाताशी काहीतरी येतं.’ यात मुलीच्या आवडीपेक्षा घरच्यांची सोय जास्त असते हे खरं. तरी वाट म्हणून ती वाईट नाही. बारावी विज्ञानला फिजिक्स, केमिस्ट्री आणि जोडीला बायॉलॉजी किंवा गणित असलं की अर्ज करता येतो. डी. फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि प्रवेश बारावीच्या मार्कांवर. बी. फार्म. चार वर्षांचं, त्याला सीईटी द्यावी लागते. पूर्वी यासाठी पुणं गाठावं लागे. आता जुन्नर तालुक्यातच बेल्हे, आळे या बाजूला फार्मसीची कॉलेजं आहेत. एसटीनं जाऊन येऊन शिकता येतं, ही मुलींच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे.

पैशाचं काय? महाराष्ट्र सरकारनं जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला की ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्या घरातल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आदिवासी मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधीपासून आहे. म्हणजे कागदावर पाहिलं तर फीसाठी कुणाही गरीब मुलीचं फार्मसी शिक्षण अडू नये. मग अडतं कुठं?

अडतं दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे ही माफी सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून, मिळालेल्या जागेलाच आहे. तारीख चुकली, अर्जाची छाननी राहून गेली, आणि मग कुणीतरी सांगितलं की ‘मॅनेजमेंटच्या कोट्यातून घेऊ, काळजी करू नका’, तर माफी गेली. भावाच्या नावावर कर्ज निघतं, बहिणीच्या नावावर निघत नाही. तिला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. आणि पुढच्या वर्षी लग्न बघतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ती आहे जात वैधता प्रमाणपत्राची, ज्याला आमच्याकडे सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात.

ही व्हॅलिडिटी आली कुठून, तेही समजून घेऊ. व्यावसायिक कॉलेजातल्या प्रवेशासाठी महादेव कोळी असल्याचा दावा केलेल्या दोन बहिणींचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं तो दावा फेटाळला आणि २ सप्टेंबर १९९४ च्या निकालात देशभरासाठी पडताळणीची पद्धत घालून दिली : छाननी समिती, तिच्या हाताशी दक्षता पथक, घरी आणि गावी जाऊन चौकशी. माधुरी पाटील खटला म्हणून तो ओळखला जातो. पुढं महाराष्ट्रानं त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला, २००१ चा २३ वा. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा लुटल्या जात होत्या आणि त्यात सर्वांत जास्त गैरवापर झाला तो आमच्या या डोंगरातल्या जमातींच्या नावांचा. तेव्हा पडताळणीला माझा विरोध नाही. ती हवीच. पण चोर पकडायला लावलेली चाळण घरच्या पोरीलाच अडवत असेल, तर चाळणीकडे पाहायला नको का?

व्हॅलिडिटीसाठी काय लागतं? मुलीचा शाळेचा दाखला, बापाचा, आजोबाचा, जमलं तर पणजोबाचा. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा असेल तर उत्तम, कारण अनुसूचित जमातींची यादी त्या तारखेची. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुना सातबारा. बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची, म्हणजे चुलत्याची, चुलतभावाची, आत्याची व्हॅलिडिटी असेल तर काम सोपं होतं. मामाची असेल तर तिला ते वजन नाही. सगळा वंश बापाच्या रेषेत मोजायचा. आईनं वाढवलं, आईनं हिरडा गोळा करून, भात लावणीला जाऊन शिकवलं. पण आई या वंशावळीत कुठंच नाही.

आता परित्यक्ता बाईच्या मुलीचा विचार करा. आई माहेरी परतलेली, बापानं दुसरं लग्न केलेलं. मुलगी अठराची झाली, बारावीला चांगले मार्क पडले, आणि आता तिला बापाच्या दारात जाऊन आजोबाचा दाखला मागायचा आहे. अशा एका मुलीबरोबर मी गेले आहे. चुलत्यानं अंगणातच विचारलं, ‘आत्तापर्यंत कुठं होती? दाखला न्यायचा न् उद्या जमिनीत वाटा मागायचा, असंच ना?’ तिनं फक्त कागद मागितला होता. पोटगीची केस मागं घ्या, मग कागद देतो, असं सांगणारे बापही पाहिले. तिथून पुढं एका कार्यालयात गेलो, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘वडिलांना घेऊन या.’ वडील असते तर ती आमच्याबरोबर आली असती का?

ज्या तालुक्याचं नाव आपण रोज घेतो, ते आंबेगाव गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गावं उठली, माणसं पांगली. ज्यांचे आजे-पणजे शाळेतच गेले नाहीत, त्यांनी १९५० च्या आधीचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? हा प्रश्न सगळ्याच गरीब आदिवासींचा आहे. पण ज्या घरात बाप आहे, तिथं तो रजा काढून, भाऊबंदांना विचारून कागद गोळा करतो. बाप नसलेल्या घरात हे सगळं एकट्या आईवर आणि त्या पोरीवर येतं, आणि भाऊबंद पाठ फिरवतात.

कायदा इथं पूर्ण आंधळा आहे असं मात्र नाही, आणि हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवं. २०१२ मध्ये गुजरातमधल्या रमेशभाई नायका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच, हे गृहीत अंतिम नाही. आईच्या आदिवासी किंवा दलित समाजात ते मूल वाढलं, त्या समाजाचे भोग त्यानंही भोगले, हे पुराव्यानं दाखवता येतं. ठाकूर जमातीच्या प्रकरणात २४ मार्च २०२३ ला त्याच न्यायालयानं सांगितलं, की रूढी-परंपरांच्या प्रश्नांवर आधारलेली आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना मोठं वजन आहे आणि बापाकडच्या जवळच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तिचा आधार घेता येतो. निकाल चांगला आहे. पण इथंही आधार बापाकडचाच!

महाराष्ट्राच्या कायद्यातलं कलम ८ म्हणतं, जात-जमात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. सगळे हेच कलम दाखवतात. त्याच्या शेजारीच कलम ९ आहे. त्यात समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत : माणसाला बोलावणं, कागद हजर करायला लावणं, सरकारी दप्तर मागवणं. मग माझं म्हणणं सरळ आहे. जिथं आई परित्यक्ता, विधवा किंवा एकटी आहे आणि बापाकडचे लोक कागद देत नाहीत, तिथं मुलीनं तसं लेखी द्यावं आणि समितीनं हे अधिकार वापरून बापाच्या गावच्या शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, चुलत्याच्या व्हॅलिडिटीची फाइल स्वतः मागवावी. चुलत्याची फाइल तर सरकारच्याच कपाटात असते! ती आणायला अठरा वर्षांच्या पोरीला अंगणात उभं करून अपमान कशासाठी? ही मागणी आपण स्त्री-संघटना आणि आदिवासी संघटना यांनी मिळून करायला हवी.

काही जण म्हणतील, अशी सवलत दिली तर खोट्यांना आणखी एक दार उघडेल. उलट आहे. कागद समितीनं थेट मूळ दप्तरातून मागवला तर खोटा दाखला घुसवणं अवघड होईल. यात पुरावा कमी करा असं कुठं म्हटलंय? पुरावा आणण्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर, एवढाच प्रश्न आहे.

१९८८ साली शेजारच्या संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली. टाकलेल्या बाईला तिच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड हवं, हे त्या चळवळीनं सरकारला ऐकवलं. तेव्हाही लोक म्हणाले होते, रेशनकार्डात काय क्रांती? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव येतं. हे चांगलंच झालं. पण नुसतं नाव छापून वंशावळीतली आईची रिकामी जागा भरत नाही.

मागणी मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. अकरावी-बारावी विज्ञानच्या मुलींना कॉलेजमार्फतच पडताळणीचा अर्ज करता येतो. म्हणजे निकाल लागल्यावर धावपळ करण्याऐवजी दहावीच्या सुट्टीतच कागद शोधायला सुरुवात करावी. प्रत्येक बचत गटानं, महिला मंडळानं आपल्या वस्तीतल्या एकट्या आयांच्या मुलींची यादी करावी आणि कागद मागायला मुलीला एकटीला पाठवू नये. चार बायका बरोबर गेल्या की अंगणातला आवाज खाली येतो, हा अनुभव आहे. अर्जात मोबाइल नंबर मुलीचाच द्यावा. भावाचा किंवा इंटरनेट कॅफेवाल्याचा नंबर दिला तर ओटीपीसाठी आणि फेरीच्या निरोपासाठी ती दुसऱ्यावर अवलंबून राहते. बँकेचं खातं तिच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असावं, शिष्यवृत्ती तिथंच येते. आणि कॉलेजांचा पसंतीक्रम तिनं स्वतः बसून भरावा. चार वर्षं तिला जायचंय, भावाला नाही.

शेवटी एक गोष्ट. प्रवेश मिळाला, परीक्षा झाली, राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली, की तिच्या हातात तिच्या नावाचा एक कागद येतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. त्यामुळे या कागदाला बाजारात किंमत आहे. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी डी. फार्म. आहे, दुकान टाकता येईल’ हे वाक्य आता हुंड्याच्या हिशेबात धरलं जातं. मग दुकानात प्रमाणपत्र तिचं भिंतीवर, गल्ल्यावर नवरा नाही तर दीर, आणि ती घरात भाकऱ्या थापते. हे बेकायदा आहे, आणि चुकीचं औषध गेलं तर जबाबदारी येते ती तिच्या नावावर. ज्या कागदासाठी आईनं आणि पोरीनं बापाच्या दारात बोलणी खाल्ली, तो कागद दुसऱ्या पुरुषाच्या भिंतीला टांगायचा असेल तर आपण मिळवलं काय?

म्हणून मैत्रिणींनो, फार्मसीचा अर्ज हे केवळ करिअर मार्गदर्शनवाल्यांचं काम समजू नका. घर, जमीन, रेशनकार्ड यांच्या रांगेतलाच तो एक हक्काचा कागद आहे. तुमच्या भागात एकट्या आयांच्या मुलींची व्हॅलिडिटी कशी अडते, कुणी ती कशी मिळवली, हे लिहून कळवा. अनुभव एकत्र झाले की कलम ९ ची मागणी घेऊन आपल्याला बरोबरीनं जाता येईल.