प्रेक्षक गेले नाहीत, घालवले!

"मावशी, तो धंदा आहे. चालत नसेल तर मालक दुकान हलवणारच!"

ओकलंडचा बेसबॉल संघ शहर सोडून गेल्याचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच. भाच्याने टाकलं, व्याह्यांनी टाकलं, एका ब्लॉगमित्रानेही प्रतिक्रियेत टाकलं. आता एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसता दुवा पाठवता येईल.

मी काही क्रीडासमीक्षक नव्हे. बेसबॉल मला फ्रीमाँटच्या नातीने शिकवला. फ्रीमाँट, हेवर्ड या भागात आपली मराठी माणसं भरपूर, आणि तिथून बार्ट गाडीने थेट ओकलंडच्या कॉलिझियमला जाता यायचं. आमच्या घरातली मुलं हिरव्या-पिवळ्या टोप्या घालूनच वाढली. २००६ मध्ये तर हा संघ फ्रीमाँटलाच मैदान बांधणार असं जाहीर झालं होतं, २००९ मध्ये तो बेत बारगळला. तेव्हा हे भांडण परक्यांचं आहे असं निदान आमच्या घरी तरी कोणी म्हणू नये.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा 'अ‍ॅथलेटिक्स' संघ, लोक प्रेमाने 'एज्' म्हणतात. जन्म १९०१ चा, फिलाडेल्फियातला. मग कॅन्सस सिटी, आणि १९६८ पासून ओकलंड. ओकलंडमध्ये १९७२, १९७३, १९७४ असं लागोपाठ तीनदा आणि पुन्हा १९८९ मध्ये अजिंक्यपद मिळवलं. २००२ मध्ये सलग २० सामने जिंकले, तेही अगदी कमी पगाराच्या खेळाडूंना घेऊन. त्यावर 'मनीबॉल' हे पुस्तक निघालं, पुढे सिनेमाही आला. म्हणजे शहराने संघाला काही दिलं नाही, किंवा संघाला तिथे कधी यश आलं नाही, असं कोणालाच म्हणता येणार नाही.

आता या 'न चालणाऱ्या दुकाना'चा हिशेब मांडू.

२०१८, २०१९ आणि २०२० असे तीन मोसम हा संघ बाद फेरीत पोचला. २०२१ मध्येही ८६ सामने जिंकले. चांगला, तरुण संघ होता. मग काय केलं? मार्च २०२२ मध्ये मॅट ओल्सन अटलांटाला दिला, मॅट चॅपमन टोरंटोला, क्रिस बॅसिट न्यूयॉर्कला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शॉन मर्फी हा यष्टिरक्षकही (बेसबॉलमध्ये 'कॅचर') अटलांटाला गेला. एवढं करून तिकिटांचे दर मात्र वाढवले! आणि संघाचा पगारखर्च सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी.

याचं फळ २०२३ च्या मोसमात मिळालं. १६२ सामन्यांपैकी ५० जिंकले, ११२ हरले. वर्षभरात घरच्या मैदानावर सुमारे ८ लाख ३२ हजार प्रेक्षक आले, ३० संघांत सर्वांत कमी. २०१९ मध्ये हाच आकडा १६ लाखांच्या वर होता. आणि मग मालक जॉन फिशर यांची बाजू घेणारे सांगू लागले की बघा, ओकलंडला बेसबॉल नकोच आहे!

मी तीसहून अधिक वर्षं शाळेत काढली. ही युक्ती मी जवळून पाहिलेली आहे. गणिताच्या शिक्षकाची जागा भरायची नाही, गळका पत्रा बदलायचा नाही, प्रयोगशाळेला कुलूप लावायचं. पालक बिचारे किती दिवस थांबतील? दोन-तीन वर्षांत मुलं दुसरीकडे जातात, आणि मग गंभीर चेहरा करून सांगायचं, "काय करणार, पटच नाही!" पट गेला नसतो हो, पट घालवलेला असतो. ११२ पराभवांचा तो मोसम मला अगदी तसाच दिसतो. संघ मोडल्यावर तो हरणारच होता, आणि त्या हरण्याचा उपयोग पुढे पुरावा म्हणून झाला.

लोकांना संघ नको होता की मालकाचा कारभार नको होता, याचं उत्तर १३ जून २०२३ च्या रात्री मिळालं. चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' पुकारला. म्हणजे घरी बसायचं नाही, उलट झाडून सगळ्यांनी मैदानावर यायचं! मंगळवारची रात्र, तळाला गेलेला संघ, आणि प्रेक्षक २७,७५९. 'सेल' म्हणजे 'विका' असं लिहिलेले हिरवे शर्ट चाहत्यांनीच वर्गणी काढून छापले आणि फुकट वाटले. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळं मैदान मुद्दाम गप्प राहिलं आणि मग एकच घोष उठला, की मालकाने संघ विकावा. त्या रात्री टँपा बेसारख्या बलाढ्य संघाला २-१ असं हरवून एज्‌ने सलग सातवा सामना जिंकला.

आणि लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड काय म्हणाले? एका रात्रीपुरती का होईना, इतर मैदानांच्या सरासरीच्या जवळपास जाणारी गर्दी जमलेली पाहून बरं वाटलं, अशा अर्थाचं काहीतरी. वर्गात मुलाने मन लावून निबंध लिहून आणावा आणि मास्तरांनी अक्षरावरून टोमणा मारावा, तसलाच हा प्रकार. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये लीगच्या ३० मालकांनी ३० विरुद्ध शून्य मतांनी स्थलांतराला मान्यता दिली. स्थलांतराचं शुल्कसुद्धा माफ! तीस माणसांत एकालाही वाटलं नाही की थांबा, काहीतरी चुकतंय.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर एकतर्फी लिहिते म्हणाल. कॉलिझियम हे १९६६ चं मैदान. त्याची दशा वाईट होती, यात वाद नाही. २०१३ मध्ये सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. बंदराजवळच्या हॉवर्ड टर्मिनल या जागेवर नवं मैदान बांधायच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळल्या, त्यात ओकलंडच्या नगरपालिकेचाही दोष असेल. शहर काही श्रीमंत नाही. खासगी मालकाच्या मैदानासाठी किती पैसा ओतायचा याचा विचार त्यांनी केला, तर मी त्याला शहाणपण म्हणेन. पण चर्चा चालू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये संघाने लास व्हेगासच्या जागेचा व्यवहार जाहीर करून टाकला, हे कसं विसरायचं?

आणि 'धंदा आहे' म्हणणाऱ्यांना माझा मुख्य प्रश्न इथे आहे. हा धंदा तरी आहे का? आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान बंद केलं तर दुसरा वाणी येऊन दुकान टाकू शकतो. ओकलंडमध्ये दुसरा कोणी उद्या मोठ्या लीगचा संघ काढू शकतो का? नाही! संघ तीसच, आणि नवा संघ घ्यायचा की नाही हे तेच तीस मालक ठरवणार. अमेरिकेत मक्तेदारीविरुद्ध कडक कायदे आहेत, पण १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला त्यांतून वगळलं, आणि ती सवलत थोडीफार आकसली तरी आजतागायत टिकून आहे. वर नव्या मैदानाला जनतेचा पैसा. स्पर्धा नको, कर मात्र हवा! याला बाजारपेठ म्हणत नाहीत, मंडळी. याला वतनदारी म्हणतात.

२०२४ चा ओकलंडमधला शेवटचा मोसम. संघ ६९ जिंकला, ९३ हरला, पण आधीच्या वर्षापेक्षा खूप बरा खेळला. २६ सप्टेंबर २०२४ ला घरचा शेवटचा सामना झाला, टेक्सासविरुद्ध. प्रेक्षक ४६,८८९. ज्यांना 'संघ नकोच आहे' असं सांगितलं जात होतं तेच हे लोक! एज् ३-२ ने जिंकले. सामना संपल्यावर व्यवस्थापक मार्क कॉट्से यांनी माइक हातात घेऊन लोकांचे आभार मानले आणि ओकलंडच्या नावाचा शेवटचा जयघोष स्वतः करवून घेतला. त्या दिवशी मैदानावर रिकी हेंडरसन होते. ओकलंडमध्येच वाढलेला हा खेळाडू, १,४०६ 'चोरलेल्या' बेसचा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले.

२०२५ पासून संघ सॅक्रामेंटोजवळच्या सुमारे १४ हजार प्रेक्षकांच्या छोट्या मैदानावर बिऱ्हाड करून आहे. नाव फक्त 'अ‍ॅथलेटिक्स', पुढे कुठल्याच गावाचं नाव नाही. तिथे पहिल्या मोसमात ७६ विजय आणि ८६ पराभव. निक कर्ट्झ या मुलाला सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. मुलं चांगली खेळताहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. लास व्हेगासचं मैदान २०२८ मध्ये तयार होईल असं सांगतात. ज्या ओकलंडने ५७ मोसम हा संघ सांभाळला, ते वॉरियर्स आणि रेडर्स हे संघ तर आधीच गमावून बसलं होतं. आता हाही गेला.

मग करायचं काय? उदाहरणं अमेरिकेतच आहेत. फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ गावकऱ्यांच्या आणि चाहत्यांच्या भागभांडवलावर चालतो, त्याला कोणी उचलून नेऊ शकत नाही. १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा फुटबॉल संघ मालकाने बाल्टिमोरला नेला, तेव्हा शहराने भांडून नाव, रंग आणि इतिहास स्वतःकडे ठेवला. ओकलंडलाही तो हक्क मिळायला हवा होता. १९७२ ते १९७४ ची ती तीन अजिंक्यपदं लास व्हेगासच्या भिंतीवर कशाला लावायची?

ओकलंडकर मात्र रडत बसले नाहीत. 'बॉलर्स' नावाचा छोट्या लीगचा संघ त्यांनी उभा केला, शेकडो साध्या चाहत्यांनी त्यात आपले पैसे घातले. २०२४ मध्ये रेमंडी पार्कच्या मैदानावर पहिला मोसम झाला, आणि २०२५ मध्ये पायोनियर लीगचं अजिंक्यपदही मिळवलं!

तेव्हा भाचेबुवा, 'धंदा आहे' हे वाक्य पुन्हा म्हणण्यापूर्वी २०२२ ते २०२४ चा हा हिशेब एकदा ताळा करून पाहा. काही चुकलं असेल तर खाली प्रतिक्रियेत दाखवून द्या, मी उत्तर देईन. नुसते 'बाजाराचे नियम' सांगू नका.