पट्टी, तबकडी, कर्णा : ध्वनितंत्राला मराठी शब्द नाहीत, असे कोण म्हणते?

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यान उमरोळी हे स्थानक आहे. लग्नसराईत या परिसरात डीजे लागतो. ‘बेस’, ‘इको’, ‘मिक्सर’, ‘रिमिक्स’ हे शब्द तेथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. याच पट्ट्यातील वारली पाड्यांवर तारपा वाजतो. त्याचे अवयव कोणते आणि त्यांचे कार्य काय, हे मात्र संगीताच्या पदवीधरालाही सहसा सांगता येत नाही. मग सरसकट निष्कर्ष काढला जातो की, ध्वनितंत्र परके असल्याने मराठीकडे त्यासाठी शब्दच नाहीत. हा निष्कर्ष इतिहासाला धरून नाही.

प्रथम ‘पट्टी’ घ्यावी. इंग्रजीत ज्याला पिच किंवा स्केल म्हणतात, त्यासाठी मराठी गायक ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’ असे सांगतो. आपल्या संगीतात षड्ज स्थिर नाही. ज्याच्या गळ्याला जो मानवेल तो त्याचा ‘सा’. हा ‘सा’ कोठे धरला, हे दुसऱ्याला नेमके सांगण्याची सोय युरोपातून आलेल्या पेटीने करून दिली. ती सोय मराठीने कोणत्याही पाश्चात्त्य संज्ञेवाचून, बोटाखालच्या पट्टीचा रंग आणि क्रमांक सांगून साधली. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. वाद्य स्टुडिओच्या दाराबाहेर राहिले. त्याची पट्टी मात्र गायकांच्या तोंडी राहिलीच. भांडणात ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ असे बजावणाऱ्यालाही आपण ध्वनिशास्त्रातील संज्ञा वापरतो आहोत, याची जाणीव नसते.

पेटीच्या अंतरंगातही हेच दिसते. हवा भरणारा तो ‘भाता’, लोहाराच्या भट्टीवरून उचललेला. जिच्या थरथरण्यातून नाद उमटतो ती धातूची पट्टिका म्हणजे ‘सूर’. कारागीर ‘खर्ज’ आणि ‘नर’ सुरांची पेटी असा भेद करतात. हे शब्द कोणत्याही परिभाषा समितीने घडवले नाहीत.

ध्वनिमुद्रणाची कथाही ऐकण्याजोगी आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. भारतात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या त्या चकतीला मराठीने ‘तबकडी’ म्हटले. ओवाळणीचे ते तबक, त्याचे हे धाकटे रूप. ‘ध्वनिमुद्रण’ हा शब्द संस्कृतनिष्ठ म्हणून हिणवला जातो, पण तो फारच अचूक आहे. ती तबकडी साच्याखाली दाबून, म्हणजे शब्दशः ठसा उमटवूनच तयार होई. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा राग त्यात बसवताना गवयांना काय टाकावे लागले असेल, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

घडवलेल्या शब्दांचे भाग्य मात्र एकसारखे नव्हते. ‘बोलपट’ रुजला. ‘नभोवाणी’ रेडिओ आणि आकाशवाणीपुढे मागे पडली. ‘ध्वनिक्षेपक’ आज मुख्यतः पोलीस ठाण्याच्या परवानगीच्या अर्जात जिवंत आहे. मांडवात त्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. तेथे ‘साऊंड’ असतो, किंवा ‘भोंगा’ आणि ‘कर्णा’.

कर्णा हा मूळचा फुंकून वाजवण्याचे वाद्य. ग्रामोफोनच्या तोंडाशी फुललेल्या नळकांड्याला मराठीने तेच नाव दिले, आणि ते शास्त्रदृष्ट्या योग्यच होते. अरुंद नळीतील कंपने मोकळ्या हवेत एकदम सोडली तर त्यांतील बराच अंश बाहेर पोहोचत नाही. नळी हळूहळू रुंदावत नेली की तो पोहोचतो. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवरील विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी गायकही अशाच कर्ण्यात तोंड घालून गात असत.

आता तारप्याकडे पाहावे. फुंकलेली हवा वाळवलेल्या दुधी भोपळ्यात साठते, बांबूच्या नळ्यांतील जिभल्या थरथरतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा तो नाद रानात सोडतो. हवेचा साठा, नादाचा उगम आणि ध्वनिवर्धन अशी पूर्ण यंत्रणा एकाच वाद्यात आहे, तीही विजेवाचून. मिरजेच्या तंबोऱ्यालाही भोपळाच लागतो, पण तेथे तो नाद घुमवतो, येथे श्वास साठवतो. तंबोऱ्याच्या जवारीवर, खुंटीवर मराठीत भरपूर लिहिले गेले. तारप्याला ‘आदिवासी लोकवाद्य’ ही दोन शब्दांची चिठ्ठी चिकटवून आपण मोकळे झालो. ही चिठ्ठी आळशी आहे, आणि अन्यायाचीही, कारण ती वाद्यामागील तंत्रज्ञान झाकते.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांमुळे तारप्याभोवतीचे वळसेदार रिंगण जगभर पोहोचले. रेषा पोहोचली, नाद मागे राहिला. तारप्यावरील सुरावटीला आणि तिच्या तालावर पडणाऱ्या पावलांना वारलीत ‘चाळा’ म्हणतात. ‘लूप’ला मराठी प्रतिशब्द काय, यावर समाजमाध्यमांवर हिरिरीने वाद घालणाऱ्यांनी हा शब्द ऐकलेला तरी आहे काय? नवे प्रतिशब्द पाडण्याआधी वाद्य बनवणाऱ्या हातांशेजारी बसून त्यांचे शब्द टिपून घेणे, हे काम अधिक निकडीचे आहे. भोपळा कधी तोडायचा, जिभली किती तासायची, हे सांगणारे वादक वृद्ध होत आहेत, आणि ही माहिती कोणत्याही तबकडीवर नाही.

शिवाय तारपा एका जागी उभा राहून वाजत नाही. वादक वाजवत चालतो, रिंगण त्याच्यामागे फिरते आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्यामुळे नाद कधी उजवीकडून, कधी डावीकडून, कधी थेट समोरून येतो. स्टुडिओत यालाच ‘पॅनिंग’ म्हणतात आणि त्यासाठी मिक्सरवर वेगळी कळ असते.