आधी आकारमान, मग घनता

घनतेचा धडा आला की ‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ हे कोडे वर्गात हमखास येते. मुले हसतात, उत्तर पाठ होते आणि पुढच्या तासाला ‘वस्तुमान भागिले आकारमान’ फळ्यावर चढते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या विज्ञान शिक्षकांनी हे कोडे आता बाजूला ठेवावे, असे आम्हाला मनापासून वाटते. इथल्या मुलांच्या घरी हाच हिशेब दरवर्षी होतो आणि त्यावर घरात येणारा पैसा ठरतो.

जंगलातली प्रत्येक वस्तू इथे वेगळ्या मापाने विकली जाते. तेंदूपत्ता मोजून जातो : ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. साग घनमीटरने जातो. मोहफुले आणि धान किलो-क्विंटलने. घरात मात्र अजून पायली-कुडवाने मोजणारी माणसे आहेत. पायलीभर धान आणि पायलीभर तांदूळ वजनाला सारखे भरत नाहीत, हे आजीला ठाऊक असते. का भरत नाहीत, ते नातवाने वर्गात शोधावे. मोहफुलांचे तर आणखी वेगळे : ताज्या फुलांत निम्म्याहून बराच अधिक भाग पाण्याचा. वाळवताना वजन आणि आकारमान दोन्ही घटतात, पण सारख्या प्रमाणात नाही. मार्च-एप्रिलमध्ये शाळेत एक टोपली फुले वाळवून रोज वजन आणि माप लिहिले, तर धान खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांपर्यंतच का चालतो, हेही मुलांना कळेल.

आमच्या अनुभवात मुले घनतेपाशी अडत नाहीत, आकारमानापाशी अडतात. त्यासाठी सागाच्या गोल लाकडाइतके चांगले उदाहरण नाही. आपल्या देशात लाकूड मापताना घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करण्याची आणि त्याला लांबीने गुणण्याची पद्धत रूढ आहे. १२० सेंमी घेराचा, ४ मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने ०.३६ घनमीटर भरतो. वृत्तचितीच्या सूत्राने तोच ०.४६ च्या जवळ जातो. चिराईत कडेच्या फळ्या वाया जातात, म्हणून ही सूट. नववीच्या मुलाला हा फरक स्वतः काढू द्यावा. गणिताच्या शिक्षकांनाही त्या तासाला बोलवावे.

आता लाकडाच्या घनतेकडे. वाळलेल्या सागाची घनता दर घनसेंमीला ०.६५ ग्रॅमच्या आसपास, काटेसावरीची त्याच्या निम्म्याच्या जवळपास, धावड्याची ०.९ च्या घरात. पण लाकडाच्या पेशीभित्तीचे द्रव्य मात्र सगळ्या झाडांत जवळजवळ सारखेच, सुमारे १.५ ग्रॅम, म्हणजे पाण्यात बुडणारे. सावर हलकी आणि धावडा जड, तो फरक मुख्यतः आतल्या पोकळीचा. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमचे जीवाश्म लाकूड पाहिले की हे पक्के होते. तिथे झाडाच्या पोकळीत खनिजे भरली, मूळ द्रव्याची जागाही त्यांनी घेतली. आकार खोडाचा राहिला, घनता दगडाची झाली. वडधमची सहल काढणाऱ्या शाळेने घनतेचा धडा त्याच आठवड्यात घ्यावा. तिथला तुकडा मात्र उचलून आणू नये.

हीच पोकळी रस्त्यावरही दिसते. बांबूचा ट्रक वरपर्यंत रचलेला असतो. सुरजागडच्या लोहखनिजाने ट्रकचा डाला तसा काठोकाठ भरला, तर वजनाची मर्यादा केव्हाच ओलांडली जाईल. शुद्ध हेमॅटाइटची घनता पाच ग्रॅमच्या वर आहे. मुलांना वीस टनांचे आकारमान काढायला सांगा : सलग खडक असेल तर चारच घनमीटर. ढेकळांमधली हवा धरून किती, हे गिट्टी भरलेल्या बादलीत पाणी ओतून मोजता येते.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुताराकडचे नाव माहीत असलेले तुकडे, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपट्टी आणि पाणी एवढे पुरे. तरंगणारा वेडावाकडा तुकडा सुईने पाण्याखाली दाबून आकारमान घ्यावे. ओला असेल तर तसे लिहावे. ठोकळा पसरट निवडावा, म्हणजे तो सपाट तरंगतो. चार सेंमी जाडीचा सागाचा ठोकळा अडीच सेंमीच्या थोडा पुढे बुडतो. आधी मुलांना अंदाज लिहायला लावा, मग पाण्यात सोडा.

नव्या सत्रात आपल्या गावात मिळणाऱ्या किमान पाच लाकडांच्या घनतेचा तक्ता वर्गाकडून करून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. झाडाचे मराठी नाव, मुलांच्या घरी बोलले जाणारे गोंडी किंवा माडिया नाव, लाकूड ओले की वाळलेले, आणि प्रत्येक तुकड्याची किमान तीन मोजमापे लिहा. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तरी ते खोडू नका, तसेच पाठवा.