आठ वारांचा किल्ट

स्कॉटलंडांतील पुरुष घागरा नेसतात असें म्हणून हंसण्याची आपल्याकडे चाल आहे. ज्या समाजांत प्रतिष्ठित गृहस्थ पिढ्यान् पिढ्या निऱ्या काढून धोतर नेसत आले, त्यानें तरी असें हंसूं नये. किल्ट मुळांत शिवलेला नव्हताच. तेथील डोंगराळ मुलखांतले लोक लांबरुंद लोकरी कापडाच्या चुण्या घालून तें कमरेस पट्ट्यानें आवळीत व उरलेला भाग खांद्यावर घेत. अठराव्या शतकांत खालचा भाग तेवढा निराळा झाला, आणि पुढें त्या निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची रीत पडली. १७४६ च्या कायद्यानें हा वेष बंद झाला होता. ती बंदी १७८२ मध्यें उठली. परंतु आज आम्हांस सांगावयाची आहे ती तो हातानें शिवण्याची विद्या.

पूर्ण किल्टास एकेरी पन्ह्याचें आठ वार लोकरी कापड लागतें. नऊवारी नेसणाऱ्या भगिनींस या आंकड्याचें नवल वाटणार नाहीं. बहुधा दुहेरी पन्ह्याचें चार वार घेऊन तें लांबींत मधोमध फाडतात, आणि दोन तुकड्यांचा जोड एखाद्या निरीच्या आंत लपवितात. खालची कड दुमडीत नाहींत. मागावर विणलेला काठच खालीं येतो. म्हणून लांबीचें माप आधींच बिनचूक घ्यावें लागतें.

पुढें एकावर एक येणारे दोन सपाट पल्ले, आणि मागें सर्व निऱ्या, अशी याची रचना. चौकड्यांचा नमुना प्रत्येक निरींत एक पूर्ण फेरा आंत दडवून पुढें सरकवावा, म्हणजे इतकें कापड दुमडूनही पाठीमागें चौकडी अखंड दिसते. दुसरी रीत लष्करी पलटणींची: प्रत्येक निरीच्या मध्यावर तोच एक पट्टा आणावयाचा. दोहोंतही निरीची खोली शिवणाऱ्याच्या मर्जीवर नसून विणकराच्या नमुन्यावर असते.

खरी कसोटी पुढेंच आहे. निऱ्या कमरेपासून नितंबापर्यंत शिवून टाकावयाच्या, आणि कंबर तर नितंबाहून लहान. समजा, मागील भाग खालीं १८ इंच व वर १५ इंच असून निऱ्या २४ आहेत. तर प्रत्येक निरी खालीं पाऊण इंच व वर पांचअष्टमांश इंच झाली पाहिजे. केवळ एकअष्टमांश इंचाचा हा उतार, पट्टे वांकडे न होऊं देतां, चोवीस वेळां सारखा साधावयाचा! प्रत्येक निरींत सोळांश इंच चुकलें तर एकंदर चूक दीड इंचाची होते व वस्त्र अंगास बसत नाहीं. अपूर्णांक व्यवहारांत कोठें लागतात, असें विचारणाऱ्या पालकांपुढें हें उदाहरण ठेवावें. टांका वरून दिसतां कामा नये, आणि फार ओढला तर कापड आक्रसतें. मग आंतलें जादा कापड कापून, भार सोसण्यासाठीं कॅनव्हास लावून, अस्तर घालतात. शेवटीं निऱ्यांस कच्चा धावदोरा घालून इस्त्री करतात. सरावलेल्या हातासही वीस-पंचवीस तास लागतात.

ब्रिटनमधील पारंपरिक हस्तव्यवसायांच्या संस्थेनें २०२१ मध्यें किल्ट शिवण्याची गणना धोक्यांतील कलांत केली. किल्टास गिऱ्हाईक नाहीं असें मुळींच नव्हे. लग्नसमारंभांत तो हौसेनें नेसतात. पण यंत्रावर शिवलेला व सियालकोटासारख्या ठिकाणांहून आलेला माल स्वस्त पडतो. हातानें शिवणाऱ्या पुष्कळशा स्त्रिया घरीं बसून नगावर मजुरी घेतात. नवशिक्यास शेजारीं बसवून शिकवावें तर तितकी मजुरी बुडते. स्वस्त घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु शिकविण्याच्या वेळाचें मोल कोणीच देत नसेल तर विद्या पुढें जावयाची कशी? आपल्या चौसष्ट कलांच्या यादींत सूचीवानकर्मास मानाचें स्थान आहे, पण यादींत नांव असल्यानें कोणाच्या हातीं सुई येत नाहीं.

कांहीं उपाय झाले आहेत. उत्तरेकडील कीथ या गांवीं किल्ट शिकविण्याची शाळा निघाली. ग्लासगोच्या कारखान्यांत शिकलेल्या एल्सी स्ट्यूमायर आणि अमेरिकेंतील भूगर्भशास्त्राच्या अध्यापिका बार्बरा ट्यूक्सबरी यांनीं २००१ मध्यें या कलेवर सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केलें. जी विद्या केवळ गुरुमुखीं होती ती कागदावर आली, हें मोठेंच काम झालें. तथापि टांका किती ओढावा हें शेवटीं शेजारीं बसूनच कळतें, असें आमचें मत आहे.

कष्टाचें फळ नेसणाऱ्यास पुष्कळ वर्षें मिळतें. कंबर थोडी वाढली तर पट्टे व बकलें सरकवून लावतात. हातचे टांके असल्यानें कापड न दुखवितां तीं उसवतां येतात, आणि बापाचा किल्ट मुलाच्या मापाचा करून देतां येतो.