पहिलं पुस्तक महाडचं असू द्या

साप्ताहिक सदर : वाचनालयाच्या कपाटातून

मुरुडच्या बाजूच्या एका शिक्षिकेनं गेल्या आठवड्यात विचारलं, "नववी-दहावीची मुलं जातीवर आणि वर्णद्वेषावर वाचायला काहीतरी मागतात. सुरुवात कशानं करू?" अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या अनेक वाचनालयांत ग्रंथपालांपुढे हाच प्रश्न उभा असतो. कपाटात बाबासाहेबांचं एखादं चरित्र असतं, पण १४ एप्रिलच्या प्रदर्शनापुरतं ते बाहेर येतं आणि पुन्हा आत जातं. इंग्रजी वाचणारी मुलं इझाबेल विल्करसन यांचं २०२० चं 'कास्ट' मागतात, कारण मोबाईलवर त्याचंच नाव ऐकलेलं असतं. पुस्तक वाचण्यासारखं आहे. अमेरिकेतली वर्णव्यवस्था, भारतातली जात आणि नाझी जर्मनी यांना लेखिका एका ओळीत बसवून पाहते. तरीही रायगडच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा ते देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं पहिलं पुस्तक महाडचं असावं.

जातीवरच्या पहिल्या पुस्तकानं दोन कामं केली पाहिजेत. सोसणारी माणसं त्यात असतीलच, पण उठून उभी राहणारी माणसंही तितकीच ठळक दिसली पाहिजेत. नुसत्या दुःखाच्या पुस्तकांनी वाचकाच्या मनात कणव येते, आणि कणव आली की आपलं कर्तव्य झालं असं त्याला वाटू लागतं. दुसरं असं, की वाचणाऱ्याला त्या गोष्टीत आपली स्वतःची जागा सापडली पाहिजे. लांबच्या देशातला अन्याय वाचताना आपण सहज न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. आपल्याच तालुक्यातल्या बाजारपेठेत घडलेलं वाचताना ती खुर्ची मिळत नाही.

महाडच्या हकिकतीत ही दोन्ही कामं होतात. सार्वजनिक विहिरी आणि तळी सर्वांना खुली करावीत असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडून मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण फक्त कागदावर. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा जमलेल्या हजारो माणसांसाठी पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. तुडुंब भरलेलं तळं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. २० मार्चला बाबासाहेब त्या तळ्याचं पाणी प्यायले, मागोमाग परिषदेतली माणसं प्यायली. आता ही माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि घरी निघालेल्या माणसांवर काठ्या पडल्या. मग दही, दूध, शेण, गोमूत्र यांनी भरलेल्या घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' करण्यात आलं. एरवी त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती. दहावीच्या मुलाला जात म्हणजे काय हे समजावून सांगायला एवढी एक हकिकत पुरते.

आता त्यातली माणसं पाहा. परिषदेमागे धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे दासगावचे. हुशार विद्यार्थी असूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. पुढे बाजारासाठी महाडला येणाऱ्या आपल्या माणसांना बसायला आणि पाणी प्यायला जागा नाही म्हणून त्यांनी तिथं चहाचं दुकान चालवलं, आणि चळवळीची जुळवाजुळव त्याच दुकानातून झाली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ, बाबासाहेबांचे सहकारी गं. नी. सहस्रबुद्धे हे ब्राह्मण. त्याच वर्षी डिसेंबरात भरलेल्या दुसऱ्या परिषदेला महाडात कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. तिथं २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली आणि ती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला. काठ्या घेऊन धावलेलेही याच गावचे आणि दारं लावून घरात बसलेलेही याच गावचे. मुलगा कुठल्याही घरातला असो, "त्या दिवशी माझ्या घरची माणसं यांपैकी कुठं होती?" हा प्रश्न त्याला पडतोच. तो पडावा यासाठीच पहिलं पुस्तक असतं.

मोरे यांच्या आठवणी त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेल्या चरित्रात सांभाळल्या गेल्या आहेत. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ २०१६ चा. त्यात परिषदेची तयारी, तळ्यावरून कोर्टात चाललेला दावा आणि १७ मार्च १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल असं सगळं सविस्तर आहे. मुलांना तो जड जाईल, पण शिक्षकांच्या हाताशी असलाच पाहिजे. आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचं १९८९ चं पुस्तक विसरू नका. आंबेडकरी चळवळीतल्या बायका त्यात स्वतः बोलतात. ते वाचल्यावर ही लढाई फक्त पुरुषांनी लढली असं कुणी म्हणणार नाही.

महाडनंतर एखादं आत्मकथन द्यावं. कोकणातल्या वाचकाला ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३) सर्वांत जवळचं. बांबूच्या टोपल्या विणून मुलांना वाढवणारी आई, डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला ओझी नेणाऱ्या बायका, आणि शिकून-सवरून शहरात गेल्यावरही घरमालकाच्या प्रश्नात भेटणारी जात, हे सगळं त्यात आहे. घरातल्या पुरुषी सत्तेबद्दलही लेखिका तितक्याच धीटपणे लिहिते. पाठोपाठ बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि दया पवारांचं 'बलुतं' द्यावं. लहान मुलांसाठी मात्र माझी निवड मुक्ता साळवे यांचा निबंध. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीनं १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. निबंध चार-पाच पानांचा आहे, वर्गात एका तासात वाचून होतो. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकारच नाही त्यांचा धर्म नेमका कोणता, असं ती विचारते. आपल्याच वयाच्या मुलीचा हा प्रश्न मुलं विसरत नाहीत.

त्यानंतर बाबासाहेबांचं १९३६ चं न झालेलं भाषण. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, मजकूर हाती पडताच मंडळ बिचकलं आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं. मराठीत ते मिळतं. सहभोजनं आणि मनाचा मोठेपणा यांवर समाधान मानणाऱ्या भल्या माणसांना ते हलवून सोडतं, कारण जातीला आधार देणाऱ्या धर्मग्रंथांच्या अधिकारालाच ते हात घालतं. आत्मकथनं वाचून झाल्यावर ते दिलं तर त्यातला प्रत्येक युक्तिवाद माणसांच्या चेहऱ्यांसकट समजतो.

मग जगाकडे वळावं, आणि तिथंही मराठी वाट आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. या वाटेनं गेलेला वाचक अमेरिकेकडे दूरचा देश म्हणून बघत नाही.

जात आणि वंश एकच मानण्याची घाई मात्र करू नये, आणि हे शिकायला रायगडचा किनारा फार चांगला आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांनी १९४८ पर्यंत इथं राज्य केलं. कर्नाटकातले सिद्दी मात्र आज अनुसूचित जमातींत मोडतात. नवगाव-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायलांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पण त्यांच्यातही 'गोरा' आणि 'काळा' असे दोन थर पडले, आणि त्यांच्यात रोटीबेटीचे व्यवहार होत नसत. बाहेरून आलेला धर्मही इथल्या मातीत जात शिकला. बाबासाहेब तर सांगत आले की एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत, जात ही वंशाची वाटणी नव्हे. याउलट २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण झाली तो उघड वर्णद्वेष होता. दोन्ही रोग ओळखता आले पाहिजेत. परदेशातल्या मराठी घरांनाही हे लागू आहे. सिएटल शहरानं २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली. तिथं वर्णद्वेष सोसणारी आपली मुलं जातीच्या बाबतीत कोणत्या बाजूला उभी आहेत, हे त्यांना मराठी पुस्तकांतून कळलं पाहिजे.

शेवटी गावाच्या कडेचं एक पुस्तक. रायगडात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, वीटभट्ट्यांवर राबणारी त्यांची कुटुंबं आपण रोज पाहतो आणि ओलांडून जातो. मिलिंद बोकील यांचा कातकऱ्यांवरचा अभ्यास प्रत्येक वाचनालयात हवा. जातीचा प्रश्न महाडच्या तळ्यावर सुटला, असं समजून पुस्तक मिटणाऱ्याला तो पुढचं काम दाखवील.

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी. त्या दिवशी भाषणं होतील, हार पडतील, होऊ द्यात. पण ग्रंथखरेदी करणाऱ्या प्रत्येक कार्यकारिणीनं ही पुस्तकं यादीत धरावीत, प्रत्येकी दोन प्रती घ्याव्यात, आणि बंद कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुल्या फळीवर मांडावीत. शाळांनी मुक्ता साळवेंचा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून घ्यावा. आणि महाडची हकिकत वाचून मुलानं घरी येऊन आजोबांना विचारलं, "आपण तेव्हा कुठं होतो?" तर घरानं त्याला गप्प बसवू नये. खरं उत्तर द्यावं.