बढती संघाची, वसुली विद्यार्थ्यांची

अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं आपला फुटबॉल संघ वरच्या गटात नेतात तेव्हा बँड वाजतो, कुलगुरू टोपी घालून फोटो काढतात आणि बिल विद्यार्थ्याच्या नावावर फाडलं जातं. या प्रकाराला मी सरळ वसुली म्हणतो.

व्यवहार असा आहे. कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या डिव्हिजन वन या सर्वोच्च श्रेणीत फुटबॉलपुरते दोन गट आहेत: वरचा एफबीएस, खालचा एफसीएस. वर्षानुवर्षं खालच्या गटात 63 स्कॉलरशिपची मर्यादा होती, वरच्या गटात 85. वर जायचं तर एखाद्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघाचं, निमंत्रण लागतं आणि दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. शिवाय 2023 मध्ये एनसीएएने अर्जाची फी 5 हजार डॉलरवरून थेट 50 लाखांवर नेली. मुलांच्या स्कॉलरशिप वाढवल्या की शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन कायद्यानुसार मुलींच्या खेळांवरही त्या प्रमाणात पैसा घालावा लागतो. तो घालायलाच हवा, पण मग हिशेबात आधीच धरा ना! त्यात प्रशिक्षकांचे पगार आले, विमानप्रवास आला, स्टेडियमची डागडुजी आली.

हे सगळं टीव्हीच्या पैशातून भरून निघेल, असं सांगतात. हे धादांत खोटं आहे. 2026 पासूनच्या कॉलेज फुटबॉल प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) टीव्ही करारात वर्षाला सुमारे 130 कोटी डॉलर आहेत. त्यातले जवळपास 58 टक्के एसईसी आणि बिग टेन या दोनच कॉन्फरन्स घेऊन जातात. त्यांच्या एकेका विद्यापीठाला 2 कोटींहून अधिक डॉलर मिळतात. नव्याने वर आलेली विद्यापीठं ज्या छोट्या कॉन्फरन्समध्ये शिरतात, तिथे एकेकाच्या वाट्याला साधारण 18 लाख येतात. वर जाऊनही तिजोरीचं दार बंदच राहतं, हे ठाऊक असलेल्या लोकांनी विद्यार्थ्यांना टीव्हीची स्वप्नं विकू नयेत.

मग पैसा येतो कुठून? फीच्या बिलातून. ट्यूशनच्या खाली ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह फी’ किंवा ‘स्टुडंट फी’ अशी एक ओळ असते. ती सक्तीची असते. त्याच ओळीत बस, जिम, दवाखाना आणि फुटबॉल एकत्र कोंबलेले असतात. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात यातला ॲथलेटिक्सचा वाटा दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 2,000 डॉलरच्या वर आहे. रात्री दुकानात काम करून फी भरणारी मुलगी एकही सामना बघत नसली तरी तो भरते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला 2015 मध्ये कायदा करून या वसुलीवर टक्केवारीची मर्यादा घालावी लागली, यातच सगळं आलं.

जेम्स मॅडिसनचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण बढतीचे समर्थक तेच नाचवतात. 2022 मध्ये ते वर आले, 2023 मध्ये 11 सामने जिंकले, 2025 मध्ये प्लेऑफलाही पोहोचले. खेळाडूंचं कौतुक आहेच. पण 2023 च्या यशानंतर प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठात गेले आणि कितीतरी खेळाडू त्यांच्यामागून गेले. विद्यार्थ्यांच्या फीवर संघ घडवायचा आणि तो तयार झाला की श्रीमंतांनी उचलून न्यायचा, हे यशाचं चित्र आहे.

अपयशाचं चित्र बघायचं तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ बघा. 2012 मध्ये ते वर आले आणि घरचे सामने ॲमहर्स्टपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर, फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियममध्ये खेळले. 65 हजारांहून अधिक खुर्च्यांचं ते मैदान आणि पहिल्या दोन्ही हंगामांत एकेकच विजय! चार वर्षांत कॉन्फरन्सही सुटली. ज्या विद्यार्थ्यांसाठी संघ म्हणायचा, त्यांना स्वतःच्या संघाचा ‘घरचा’ सामना बघायला इतक्या लांब जायची वेळ आणली. मला याची चीड येते.

शहाणपण दाखवणारेही आहेत. आयडाहो विद्यापीठ 1996 मध्ये वर गेलं होतं. त्यांच्या कॉन्फरन्सने करार वाढवायला नकार दिल्यावर कुलगुरू चक स्टेबेन यांनी शिव्या खाल्ल्या, पण 2018 मध्ये संघ पुन्हा खालच्या गटात आणला. असं स्वतःहून खाली येणारं ते पहिलंच विद्यापीठ. माझ्या मते तो त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय होता.

मला फुटबॉल बंद नको आहे. ॲथलेटिक्सची रक्कम बिलात वेगळी छापा आणि वरच्या गटात जायचं की नाही यावर विद्यार्थ्यांचं मतदान घ्या, एवढीच मागणी आहे.

आणि न्यू जर्सी, व्हर्जिनियात राहणाऱ्या किंवा पुण्या-नाशिकहून कर्ज काढून मुलांना तिकडे धाडणाऱ्या मराठी पालकांनो, प्रवेशाचा होकार कळवण्याआधी विद्यापीठाला एक ईमेल पाठवा: सक्तीच्या फीपैकी किती डॉलर ॲथलेटिक्सला जातात? उत्तर लेखी मागा.