मुक्काम कड्याजवळ

देवमासे पाहायला निघालेले आपले वाचक आधी बोटीचं तिकीट शोधतात, मुक्कामाचं मागाहून पाहतात. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानसला जाणार असाल तर हा क्रम उलटा करा. केपटाऊनहून सुमारे १२० किलोमीटरवरच्या या गावासमोर वॉकर बे हा उपसागर आहे. साधारण जून ते नोव्हेंबर या काळात ‘सदर्न राइट’ देवमासे विणीसाठी तिथे येतात. माद्या पिल्लांना घेऊन कड्याच्या इतक्या लगत येतात, की त्यांचा फुत्कार काठावर ऐकू यावा! परवानाधारक बोटीलासुद्धा ५० मीटरांच्या आत जाता येत नाही. कड्यावरच्या माणसाला कधीकधी त्याहून जवळून दर्शन घडतं.

म्हणून खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो का, यापेक्षा कड्यावरची पायवाट किती पावलांवर आहे, हे विचारा. गर्दी नको असेल तर उपसागरापलीकडचं डी केल्डर्स निवडा. सप्टेंबरअखेरीच्या देवमासा महोत्सवात खोल्या मिळणं कठीण. आणि वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात, तेव्हा निदान तीन रात्री तरी राहाच.